डावरी सांडशी

लोहा ओळीतून आणली होती, साडेतीनशेला,
काळा रंग अजून कोरा.
झिबलजींनी ती उलटीपालटी केली,
कानाशी नेऊन खुळखुळवली.
"पापड भाजाची हाय हे."

मग तिच्या तोंडात चार सुती सळई दिली.
जबडा मागे, जोडाजवळ तेवढा टेकला,
पुढे चोच उघडीच,
मे महिन्यातल्या कावळ्यासारखी.
"धर. मार."
दुसऱ्याच ठोक्याला लाल सळई निसटली
आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावर
मातीत चर्र करून बसली.
"चप्पल घालून येऊ नको," ते म्हणाले.
एवढंच.

सोमवार ते शनिवार मी पोस्टाच्या खिडकीत,
रविवारी इथे, पारडी नाक्यामागे,
ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांशेजारच्या पत्र्याखाली.
भिंतीवर बावीस सांडश्या.
एक विळ्याची, एक पहारीची,
एक नुसती बोडकी,
दांड्या कापून आखूड केलेली, का ते विचारायचं राहिलं.

"लोखंड पाहून सांडशी घ्या लागते.
नवरदेवाच्या मापाचा कोट शिवतेत,
कोटाच्या मापाचा नवरदेव पाहत नाई कोनी.
पाहतेत म्हना.
पन ते जाऊ दे."

मी पुन्हा हातोडा उचलला.
ते थांबले.
"डावरी हायेस?"
वाटलं, आता घरी पाठवतील.
त्यांनी पंख्याच्या मोटरीमागे हात घातला,
पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं.
तेविसावी.
उलट्या घडणीची, उजव्या हातात धरायची.

"भागरताची.
दिवसभर माह्यासंगं घन मारे,
सांजच्याले आपले इळे एकटी घडवे.
माहा बाप म्हने, हिच्यापायी
ऐरनच फिरवा लागन."
हसले नाहीत.
मीही नाही.

धरून पाहिली. दांड्या इतक्या फाकलेल्या
की माझी बोटं पलीकडे पोचेनात.
"मोठ्या हाताची होती ते," ते म्हणाले
आणि सांडशीकडे पाहत राहिले,
बराच वेळ.
मग जोडाजवळून ती निखाऱ्यात सारली.
"असू द्या ना," मी म्हटलं, "सवय करून घेईन."
"सवय तुह्या हाताले लागन.
सळईले नाई लागत."

पहिला ठोका त्यांनी मारला.
दुसऱ्यासाठी हातोडा माझ्याकडे दिला.
जबडा मिटला की दांड्यांत दोन बोटांची जागा,
पंजा पेरू धरल्यासारखा, सैल.
"आवळून धरशीन
तं रात्री ताट उचलन नाई."

मग जबडा लाल केला,
मधे थंड सळई ठेवली,
वरून, बाजूनं, परत वरून
ठोकत ठोकत तिच्या अंगावर बसवला.
"पाय, उजेड दिसते मधून?"
"टोकाशी थोडा."
अजून दोन ठोके.
"आता?"
"नाही."
जुन्या बादलीची कडी दांड्यांवर चढवली,
ती सरकून घट्ट बसली, माझी मूठ मोकळी झाली.

मी पाण्याच्या टाकीकडे वळले
तसे ओरडले,
"कमानपाट्याची हाय, तडकन!
कडी काढ, उघडमीट करत राह्य
थंडी होयेपर्यंत.
नाईतं रिबीट धरून बसते."

ते चहा सांगायला गेले.
मी ट्रॅक्टरच्या रिमवर बसून
उघडत होते, मिटत होते.
आधी जड, कुरकुरत,
मग जरा कमी.
समोरून कळमन्याकडे मिरचीचे ट्रक,
डोळ्यांत ठसका.

एका दांडीवर अंगठ्याएवढा खळगा,
झिजून झालेला.
तिथवर आग गेली नव्हती,
त्यांनी जाऊ दिली नव्हती.
माझा अंगठा त्यात बसत नाही,
जरा अलीकडेच राहतो.

"अवं, चहा थंडा झाला तुहा!"
रस्त्यापलीकडून हाक आली.
सांडशी अजून
कोमट होती.